तक्रार क्रमांक बेचाळीस

पाचव्या झाडावर लाल फुली मारली तेव्हा मागून आवाज आला, "रंग तेलाचा आहे की पाण्याचा?"

मी वळून पाहिलं. साठीपलीकडच्या एक बाई फाटकाशी उभ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, हातात छोटी वही.

"तेलाचा," मी म्हणाले.

"मग निघायचा नाही." त्यांनी घड्याळ पाहून वहीत काहीतरी टिपलं. "किती झाडांवर मारणार आहात?"

"एकतीस."

"म्हणजे सगळ्याच. कशासाठी?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती आणि खरं बोलायला जीभ उचलत नव्हती. "परवा, गुरुवारी, ही झाडं काढणार आहेत. नगरपालिकेचा आदेश आहे. या गल्लीत चोऱ्या फार होतात, आणि चोरांना झाडांचा आडोसा मिळतो."

"आमच्या गल्लीत?" त्या चिडल्या नाहीत. एखादा आकडा नीट ऐकू आला नाही की माणूस जसं पुन्हा विचारतो तसं त्यांनी विचारलं, "हे कुणी शोधून काढलं?"

'ऑफिसनं' असं म्हणून सुटता आलं असतं.

"मी," मी म्हणाले. "तक्ता मी केलाय."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि उद्यान विभागात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर वृक्षगणना करत होते. स्टेशनजवळच्या महिला वसतिगृहात एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. माझ्या मालकीचं म्हणावं असं एक भिंग होतं आणि एक मोजपट्टी. त्या वर्षी चुनेवाडीत पहाटे फिरायला निघालेल्या चार बायकांची गंठणं ओढून नेली होती. लोक ओरडायला लागले तेव्हा आमचे उद्यान अधीक्षक शेटेसाहेब मला म्हणाले, "झाडांची यादी तुमच्याकडे आहे, चोऱ्यांची चौकीकडे. दोन्ही जुळवा. कागद बोलला की मग कुणी काही बोलत नाही."

चुनेवाडीत अकरा गल्ल्या. मी चौकीतून गल्लीवार वर्षाचे आकडे आणले आणि आलेखाच्या कागदावर अकरा ठिपके दिले. दहा ठिपके शहाण्यासारखे उतरत गेले होते. झाडं जास्त तिथं चोऱ्या कमी. अकरावा ठिपका तिसऱ्या गल्लीचा. एकतीस झाडं, एकेचाळीस चोऱ्या. तो एकटाच पार वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. प्रयोगशाळेत असा एकटा ठिपका दिसला असता तर मी आधी काचसामान धुतलं असतं, तराजू तपासला असता. इथं मी फक्त रेघ ओढली. त्या एका ठिपक्यानं ती वर खेचली. खाली मी सुवाच्य अक्षरात सही केली.

मी बाईंना आकडा सांगितला. "एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "त्यातल्या अडतीस माझ्या."

"तुमच्या घरी अडतीस चोऱ्या झाल्या?"

"घरात नाही. तुम्ही हात टेकलाय ना, त्या झाडावर."

मी हात काढला. ते अनंताचं झाड होतं. माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर पांढरी फुलं होती आणि तिथून गल्लीभर वास पसरला होता.

"फुलं?" मी विचारलं.

"पडलेलं फूल कुणाचंही," बाईंनी सांगितलं. "प्राजक्त गोळा करा, बकुळ वेचा, मी खिडकीतून डोकावणारसुद्धा नाही. झाडावरचं हवं असेल तर विचारायचं. न विचारता तोडलं की ती चोरी. दर आठवड्याची मिळून एक तक्रार मी चौकीत लेखी दिलीय, आणि पोच घेतलीय."

त्यांचं नाव कुमुदिनी तारळेकर. ट्रंक टेलिफोनवर एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. एकट्या राहायच्या. गल्ली त्यांना कुमुदमावशी म्हणायची आणि, हे मला नंतर कळलं, त्यांना पुरती वचकून असायची.

मी रंगाचा डबा तिथंच ठेवला आणि तडक चौकीत गेले.

हवालदार बाबासो लाड टेबलावर कोपरं टेकून चहा पीत होते. मी काय विचारायला आले ते कळल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"आता काय सांगायचं म्याडम. पोलिसाच्या रजिस्टरात फुलं कशी लिहायची? तपासणीला साहेब आले तर मला काय म्हणतील? पण मावशी पोच घेतल्याशिवाय हलत न्हाईत. मग मी लिहायचो, किरकोळ चोरी, अज्ञात इसम."

"आणि मी आकडे मागितले तेव्हा?"

"तुम्ही आकडे मागितले, मी आकडे दिले. काय चोरलं ते तुम्ही कुठं विचारलं?"

मी विचारलं, "मावशींचे मूळ अर्ज असतील ना?"

"त्या कपाटावर छप्पर गळतंय. लगदा झालाय सगळा." मग माझा चेहरा बघून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "खरोखर तोडणार व्हय झाडं?"

शेटेसाहेबांनी माझं म्हणणं उभ्या उभ्या ऐकलं. "चूक माझी आहे, साहेब. तसं लेखी देते," मी म्हणाले.

"तक्ता तुमचा, सही तुमची. आदेश निघाला, ट्रॅक्टर सांगितला, आणि आता म्हणताय फुलं होती. रजिस्टरात कुठं लिहिलंय फुलं?" त्यांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. "एक काम करा. त्या बाईंना तक्रारी मागे घ्यायला सांगा. अडतीसच्या अडतीस. उद्या संध्याकाळपर्यंत कागद आणा, मी बघतो. आणि जरा जपून. मार्चमध्ये तुमचं कंत्राट नव्यानं करायचंय."

एवढंच ना, असं मला वाटलं. एक कागद, एक सही.

"नाही," कुमुदमावशी म्हणाल्या.

बुधवारची दुपार होती. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला होता आणि बशीत मोजून चार बिस्किटं ठेवली होती.

"मावशी, नुसती सही करायचीय."

"मी त्या तक्रारींत खोटं काही लिहिलं होतं का?"

"नाही."

"फुलं गेली होती का?"

"गेली होती."

"मग मागे काय घ्यायचं?"

"झाडं जातील, मावशी."

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीतून अनंत दिसत होता, आणि त्याच्या खोडावरची माझी लाल फुली.

"नाला बुजवला तेव्हा ही पट्टी म्हणजे उकिरडा होता," त्या म्हणाल्या. "लोक नाकाला पदर लावून जायचे. दिवेलागणीनंतर बायका या बाजूनं येत नसत. रात्रपाळी संपवून मी यायचे तेव्हा पर्समध्ये मिरचीची पूड असायची. पहिला अनंत मी लावला. मग खटावकरांनी जास्वंद लावली, आणि मग ज्यानं त्यानं. तुम्हाला काय वाटतं, मला झाडं नकोयत? पण झाडं वाचवायला मी खोटं लिहून दिलं तर उद्या त्या झाडाखाली मी कोणत्या तोंडानं बसू?"

वाद घालावा असं त्यात काही नव्हतं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आणि हेच तर अवघड होतं.

मग त्या उठल्या आणि कपाटातून सहा वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "हे चालेल का बघा."

मी पहिली वही उघडली.

'अनंत. सायंकाळी कळ्या २३. सकाळी फुले ९. तोडलेली १४. ४.५२ पावले, चप्पल घासत, काठीचा आवाज. ४.५८ बांगड्या, काचेच्या, घाईत. ५.१० बूट.'

दुसरं पान तसंच. तिसरंही. सहा वर्षं एकही दिवस गाळलेला नव्हता. ज्या दिवशी त्यांना ताप होता त्या दिवशी तसं लिहून पुढे 'नोंद अंदाजे' असं म्हटलं होतं. माझ्या एम.एस्सी.च्या वहीत इतका प्रामाणिकपणा नव्हता. मी चहा विसरून वाचत राहिले. मावशी समोर बसून मला वाचताना बघत होत्या, आणि मला वाटतं, त्या खूश होत्या. त्या वह्या आजवर कुणी मागितल्याच नव्हत्या.

"तुम्ही एवढ्या पहाटे उठून बसता, चोर पकडायला?"

"ऐकायला. पकडायचं काय त्यात? सगळे मला ठाऊक आहेत. एकतीस वर्षं आवाजच ओळखले मी."

"मग तक्रारीत नाव का नाही घातलं कुणाचं?"

त्यांनी बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. "पोलिसात नाव घालायचं म्हणजे त्या माणसावर आपला तेवढा हक्क पाहिजे. माझं कोण आहे इथं तसं?"

हे त्या दुःखानं बोलल्या नाहीत. नोंद सांगावी तसं सांगितलं. तोवर ऑफिस बंद झालं होतं, म्हणून मी वह्या वाचायला घेऊन वसतिगृहावर आले.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ट्रॅक्टर आला. करवती, दोरखंड, पाच माणसं. मागून जीपमधून शेटेसाहेब. लाड हवालदार बंदोबस्ताला होते. गल्ली हळूहळू दारांत आली. कुणी ब्रश तोंडात धरून, कुणी हातातलं पीठ तसंच घेऊन. मावशी फाटकाशी उभ्या होत्या. मी सहा वह्या छातीशी धरून पहिल्या झाडापुढे गेले. चारचौघांत मोठ्यानं बोलायची वेळ माझ्यावर कॉलेजातसुद्धा आली नव्हती.

"साहेब, हे झाड तोडायचं कारण माझा तक्ता आहे, आणि तो चुकीचा आहे," मी म्हणाले. "या गल्लीतल्या एकेचाळीस चोऱ्यांपैकी अडतीस फुलांच्या आहेत. उरल्या तीन. एक सायकल, एक बादली, एक चपलांचा जोड. हा पुरावा."

साहेबांनी वह्या चाळल्या. "घरात बसून वही कुणीही लिहील हो. मला रजिस्टरला जोडायला काहीतरी पाहिजे. अडतीस चोऱ्या झाल्या म्हणता ना? मग एक चोर दाखवा. एक तरी."

मी मावशींकडे बघितलं. त्यांना सगळे ठाऊक होते. पण त्यांनी ओठ मिटून घेतले होते, आणि त्या बोलणार नाहीत हे मला कळलं.

मग चप्पल घासल्याचा आवाज आला. खटावकरअण्णा, सत्तरीचे निवृत्त चित्रकला शिक्षक, पुढे आले. त्यांच्या एका हातात टोकाला तारेचा आकडा बांधलेली काठी होती, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी.

"मी," ते म्हणाले. "सोमवार ते शनिवार. रविवारी मुलगा घरी असतो, त्यामुळे जमत नाही."

"अण्णा, तुमची स्वतःची जास्वंद आहे की," कुणीतरी म्हणालं.

"देवाला रोज लालच का?"

कोपऱ्यावरच्या जमीलाआपा ओढणी सावरत म्हणाल्या, "गुरुवारी दर्ग्यावर अनंत लागतो. मीच नेते. चार."

"आठ," मावशी समोर बघत म्हणाल्या.

"बरं, आठ."

पाठोपाठ एक तरुण सून पुढे आली. "मंगळागौरीला तगर मी नेली होती. पण सासूबाईंनी सांगितलं म्हणून."

"मला कशाला मध्ये घेतेस?" दारातून सासूबाई म्हणाल्या. "मी तगर म्हटलं होतं. सोनचाफा तू तुझ्या मनानं आणलास."

"सोनचाफासुद्धा?" मावशींनी वही काढली. "कधी?"

आता लोक हसायला लागले होते. हात वर होऊ लागले. ट्रॅक्टरवरची माणसं करवती खाली ठेवून मजा बघत होती. मी मोजत होते. अकरा झाले. तेवढ्यात लाड हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, चौकीत दत्ताची तसबीर आहे," ते म्हणाले. "तिला दोन. रोज."

शेटेसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे फुलं तुम्हीच न्यायची, आणि चोरी तुम्हीच नोंदवायची?"

"तक्रार आली की नोंदवावी लागतीय, साहेब. नियम हाय."

"पाच-दहा, बूट," मावशी हळूच म्हणाल्या.

साहेबांनाही हसू आवरलं नाही. पण ते नोकरीत मुरलेले होते. हसून झाल्यावर त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मान्य. फुलं तर फुलं. पण आडोसा आहेच ना? गंठण ओढणारे कुठंतरी दबा धरून बसतातच."

याची मी वाट पाहत होते. सहाव्या वहीत मी कागदाची खूण घालून ठेवली होती. ते पान मी उघडून वाचलं.

"नऊ ऑगस्ट. पाच वाजून सात मिनिटं. लाल मोटारसायकल, दोघे, नंबरपाटीला फडके. वळणावर थांबले. खटावकर तगरीखाली, जमीला अनंताशी, इतर तीन. पाच-नऊ, मोटारसायकल मागे वळली. फुले गेली अकरा."

"थांबा," लाड म्हणाले. "तारीख?"

"नऊ ऑगस्ट."

"पाटीला काय म्हणालात?"

"फडके."

लाडांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. त्यांचा आवाज बदलला होता. "नऊ ऑगस्टला सव्वापाचला गिरणी गल्लीत पोतदार बाईंचं गंठण गेलं. लाल गाडी, दोघं, पाटीला फडकं. पंचनामा मी केलाय. ह्या वळणावरून तिथं जायला पाच-सहा मिनिटं लागतात."

ज्यांनी त्या पहाटे फुलं चोरली होती ते पाचही जण एकमेकांकडे बघत होते.

"त्या वेळी गिरणी गल्लीत रस्त्यावर कुणीच नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"कशाला असंल?" लाड म्हणाले. "तिथं काय चोरायचंय? तिथं एक फूल न्हाई."

गिरणी गल्लीत एकही झाड नव्हतं. मीच मोजलं होतं. माझ्या तक्त्यात तिथं शून्य होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, झाडांमुळे चोऱ्या थांबतात?" साहेब माझ्याकडे वळले.

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हणणं फार सोपं होतं.

"तसं मी म्हणणार नाही, साहेब. अकरा गल्ल्या आणि एक वर्ष, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पण झाडांमुळे चोऱ्या वाढतात असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं. ते खोडायला पाहिजे."

मावशींनी मान हलवली. मला ती शाबासकी आजही पुरते.

"खोडायचं नाही," साहेब म्हणाले. "नवीन तक्ता करून द्या, खाली सही करा. आणि गिरणी गल्लीत खड्डे कुठं घेता येतील ते लिहा." मग ट्रॅक्टरकडे वळून ते म्हणाले, "करवती आत ठेवा रे. आणि या लाल फुल्या पुसून टाका."

"तेलाचा रंग आहे, साहेब," मी म्हणाले.

"मी आधीच विचारलं होतं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला रॉकेल आणि चिंध्या घेऊन गल्लीत गेले. निदान अनंतावरची फुली तरी निघते का बघावं म्हणून. नाही निघाली. खोड घासता घासता वर पाहिलं तर काल संध्याकाळच्या कळ्या उमलल्या होत्या. पलीकडे काठीचा आवाज येत होता. बांगड्या वाजत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना सगळे ठाऊक होते. न विचारता मी आयुष्यात कुणाची साधी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. मी हात उंच केला, एक फूल तोडलं आणि केसांत खोवलं. मावशींची खिडकी अंधारी होती.

शनिवारी ऑफिसात चौकीतून फोन आला. येऊन जा म्हणाले.

लाड हवालदार अगदी गंभीर चेहऱ्यानं बसले होते. त्यांच्यामागे दत्ताच्या तसबिरीला दोन अनंत होते. "तुमच्या नावानं तक्रार हाय, म्याडम. आता सगळं सविस्तर लिहायचं ठरलंय, म्हणून वाचून दाखवतो. तक्रार क्रमांक बेचाळीस. शुक्रवार, पहाटे पाच वाजून दोन मिनिटं. अनंताचं एक फूल, पूर्ण उमललेलं. आरोपी ज्ञात." त्यांनी माझं नाव वाचलं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. "कबूल?"

"कबूल."

"मग इथं सही करा."

त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. टेलिफोनच्या चिठ्ठीवर लिहावं तसं सुटं सुटं, स्वच्छ अक्षर होतं. वेळ, वर्णन, नाव. सगळं बरोबर होतं. फक्त शेवटची ओळ सोडून. 'आरोपीचा पत्ता' यापुढे वसतिगृहाच्या जागी मावशींनी स्वतःचा पत्ता लिहिला होता: तिसरी गल्ली, चुनेवाडी.

मी सवयीनं पेन उचललं. चुकीची नोंद दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मग मी पेन तसंच खाली आणलं आणि सही केली.

दिवाळीपर्यंत तो पत्ता बरोबर झाला.